शहापूर-मुरबाडला व्यसनाचा डॉक्टर कुठून येणार?

पिणारा माणूस दवाखान्यात येतो तो दुसरीच तक्रार घेऊन. पोट दुखतं, डोळे पिवळे झालेत, मोटारसायकलवरून पडून हात मोडलाय, क्षयाच्या गोळ्या मध्येच सुटल्या आणि खोकला पुन्हा सुरू झालाय, नाहीतर भाताच्या बांधावर साप चावलाय. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांमधल्या सरकारी रुग्णालयांच्या पुरुष कक्षात असे रुग्ण नेहमीचे. केसपेपरवर दारूचा उल्लेख झालाच तर एका ओळीत. पण रुग्ण भरती झाला की त्याची दारू तुटते आणि खरा आजार तिथून उघडा पडतो. आधी हात कापतात, घाम सुटतो, झोप लागत नाही. काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान एखाद्याला भिंतीवर किडे चालताना दिसतात, मेलेली माणसं खाटेशी उभी दिसतात, सलाइनची नळी उपटून तो पळू लागतो. घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय, भगताला दाखवू. डॉक्टर आदल्या रात्रीपासून जागा, वॉर्डात नर्स एकच. मग ‘ठाण्याला न्या’ असं लिहिलेला कागद हातात पडतो.

या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार झाला नाही तर माणूस दगावू शकतो. वेळेवर झाला तर बहुतेक रुग्ण वाचतात. लागणारी औषधं जुनी आणि स्वस्त आहेत: डायझेपाम किंवा लोराझेपाम, आणि थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं. इथे औषधापेक्षा जास्त अडतं ते ते औषध केव्हा, किती आणि कुणाला द्यायचं हे शिकलेल्या माणसावाचून. व्यसनवैद्यकाचं तज्ज्ञ प्रशिक्षण हा विषय दिल्ली-बंगळुरूच्या मोठ्या संस्थांचा मानला जातो. मला तो याच तालुक्यांतल्या किन्हवली, डोळखांब, धसई आणि टोकावड्याच्या बाजूने पाहायचा आहे, कारण त्या बाजूने पाहिलं की प्रश्नाचा क्रमच बदलतो.

भातसा आणि तानसा ही शहापूर तालुक्यातली धरणं मुंबईला पाणी पाजतात. लोकल कसाऱ्यापर्यंत जाते, मुंबई-नाशिक महामार्ग तालुक्याच्या मधून जातो. मुरबाडला मात्र रेल्वे नाही. कल्याणहून एसटी, आणि पुढे माळशेज घाट. लोकवस्ती कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशी. कातकरी समाज तर सरकारदरबारी विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणला जातो. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की वाड्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. बयाणा आधीच घेतलेला असतो, हातात पडते ती आठवड्याची खर्ची, आणि खर्चीच्या दिवशी भट्टीजवळ दारू हजर असते. मोहाची दारू इथे जुनी. देवाला, लग्नाला, सणाला चालणारी. गूळ-नवसागराची हातभट्टी त्या मानाने नवी आणि जास्त घातकी. त्यावर देशी दारूची दुकानं, महामार्गावरचे ढाबे, एमआयडीसीच्या पगाराचा दिवस. बायकांमध्ये मशेरी. तरुणांत गुटखा, जो महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे आणि तरी मिळतो.

अशा ठिकाणी रुग्णाचा पत्ताच सहा महिन्यांनी बदलतो. ज्याला शहापुरात गोळ्या सुरू केल्या तो डिसेंबरात भिवंडीच्या भट्टीवर असतो. पाठपुराव्यावाचून व्यसनाचा उपचार टिकत नाही, आणि पाठपुरावा कसा करायचा हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात कातकऱ्याचा विचार करून लिहिलेलं नाही.

गरज किती मोठी आहे, याचा अंदाज देशपातळीवरच्या दोन पाहण्यांतून येतो. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूशी संबंधित आजार असलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के उपचाराबाहेर होते. दिल्लीच्या एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी आणखी बोचरी आहे. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि २.९ कोटी लोक तिच्यावर पूर्ण अवलंबून आहेत. अशा अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसला ना कसला उपचार मिळाला होता. भरती होऊन उपचार मिळाला तो १८० जणांत एकाला. तंबाखूचं चित्र महाराष्ट्रात थोडं सुधारलं. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू वापरत होते. आधीच्या फेरीत ते प्रमाण ३१.४ टक्के होतं. पण त्यातला मोठा वाटा धुराविना तंबाखूचा, म्हणजे या तालुक्यांतल्या मशेरी-गुटख्याचाच.

आता डॉक्टरकडे येऊ. भारतात व्यसनाच्या उपचारातली सर्वोच्च पदवी म्हणजे डीएम, व्यसन मानसोपचार. ती गेल्या दहाएक वर्षांत चंदीगडची पीजीआय, दिल्लीची एम्स आणि निम्हान्स अशा संस्थांत सुरू झाली. एम्सचं राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र गाझियाबादला आहे. या संस्थांनी उभं केलेलं काम मोलाचं आहे. सरकारी डॉक्टरांसाठी छोटे वर्ग, मार्गदर्शक पुस्तकं, ओपिऑइडच्या, म्हणजे अफूवर्गीय पदार्थांच्या, व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोनचे उपचार हे सगळं तिथून आलं. पण हिशेब करा. एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, मानसोपचारातली एमडी तीन, वर डीएम तीन. साडेअकरा वर्षं शिकून तयार झालेला तज्ज्ञ, तेही दरवर्षी अगदी थोडे, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात रोज बसेल अशी अपेक्षा धरणं त्याच्यावर अन्याय आहे आणि मुरबाडवरही. शिवाय या वाटेवर पाऊल ठेवायचं तर आधी मानसोपचारतज्ज्ञच असावं लागतं. मेडिसिनचा डॉक्टर, ज्याच्याकडे यकृत सुजलेला रुग्ण आधी येतो, किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ, जिला मशेरी लावणारी गरोदर बाई रोज भेटते, यांना या पदवीचं दार बंद आहे.

इतर देशांनी दार कुठे ठेवलं ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत व्यसनवैद्यकाला २०१५-१६ मध्ये स्वतंत्र उपशाखेची मान्यता मिळाली, आणि ती कुटुंबवैद्यापासून शल्यविशारदापर्यंत कुठल्याही शाखेच्या तज्ज्ञाला खुली आहे. एक वर्षाची फेलोशिप पुरते. नॉर्वेने २०१२ मध्ये ही स्वतंत्र विशेष शाखाच केली. अमेरिकेचा पुढचा धडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तिथे ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी डॉक्टरला वेगळा परवाना लागायचा. ओपिऑइडमुळे माणसं पटापट मरत होती आणि परवानाधारक डॉक्टर शहरांत दाटले होते. २०२२ च्या अखेरीस ती अट काढून टाकली गेली, आणि २०२३ पासून नियंत्रित औषधं लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येक डॉक्टरवर व्यसनोपचाराचं आठ तासांचं शिक्षण बंधनकारक झालं. तज्ज्ञांची फळी उभी असलेल्या देशालाही शेवटी सगळ्यांना थोडं शिकवण्याकडे वळावं लागलं.

इंग्लंडचा अनुभव उलट्या दिशेने बोलका आहे. २०१२ च्या कायद्यानंतर तिथल्या व्यसनोपचार सेवा राष्ट्रीय आरोग्य सेवेकडून स्थानिक प्रशासनाकडे आणि त्यांच्यामार्फत बऱ्याच प्रमाणात स्वयंसेवी संस्थांकडे गेल्या. सेवा रुग्णालयातून बाहेर पडल्या तशी शिकाऊ डॉक्टरांची पदंही गळाली, कारण रुग्ण जिथे नाही तिथे शिकणार कुणाजवळ? हा मुद्दा आपल्याला फार लागू पडतो. आपल्याकडे आरोग्य मंत्रालयाचा व्यसनोपचार कार्यक्रम १९८८ चा, पण व्यसनमुक्ती केंद्रांचं अनुदान सामाजिक न्याय मंत्रालयाकडून. राज्यातही व्यसनमुक्तीचं धोरण, प्रचार, पुरस्कार सामाजिक न्याय खात्याकडे, तर डॉक्टर आरोग्य खात्याकडे. त्यामुळे केंद्रात समुपदेशक असतो आणि डॉक्टर येऊन-जाऊन. रुग्णालयात डॉक्टर असतो आणि समुपदेशक नसतो. शिकाऊ डॉक्टर दोन्हींच्या मधल्या फटीतून निसटतो. नोंदणीविना चालणाऱ्या, कुलूप लावून माणसं डांबणाऱ्या ‘केंद्रां’नाही हीच फट जागा करून देते.

महाराष्ट्राने या क्षेत्रात जे शिकवलं ते मात्र पदव्यांच्या बाहेर शिकवलं. डॉ. अनिता अवचट पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. ब्राउन शुगरने, म्हणजे गर्दने, शहरं पोखरायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू केलं. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार, बरे झालेले रुग्ण हेच कार्यकर्ते, आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा, ही त्यांची घडण. मुंबईत फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन उभं केलं. या दोन्ही ठिकाणी व्यसनी माणसाशी अपमान न करता कसं बोलावं हे जे शिकायला मिळतं, ते एमडीच्या तीन वर्षांत अनेकांना मिळत नाही. पण पस्तीस दिवस घर सोडून पुण्याला राहणं बयाणा घेतलेल्या मजुराला परवडत नाही. त्याचा बयाणा फिटेपर्यंत भट्टीमालक वाट पाहत नाही.

म्हणून गडचिरोली आणि गोवा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने शासनाच्या साथीने चालवलेल्या ‘मुक्तिपथ’ मोहिमेत गावोगावच्या समित्यांबरोबर तालुक्याच्या ठिकाणी व्यसनोपचाराचं क्लिनिक आलं. रुग्णाने जिल्हा ओलांडायचा नाही, उपचाराने तालुक्याला यायचं, ही कल्पना शहापूरला जशीच्या तशी घेता येईल. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने केलेला प्रयोग जगभर वाचला गेला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराचं आधी काहीही शिक्षण नसलेल्या स्थानिक तरुणांना शिकवून समुपदेशक केलं गेलं. जास्तीत जास्त चार बैठका, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या पुरुषांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते; नेहमीच्या उपचाराच्या गटात हे प्रमाण २६ टक्के होतं. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली हा अभ्यास छापून आला.

या प्रयोगाचं कौतुक करताना एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते. त्यात घेतलेले पुरुष घातक पिणारे होते, पण दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांना, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या चाचणीत वीस किंवा जास्त गुण आलेल्यांना, त्यातून वगळलं होतं. ते बरोबरच होतं. अशा माणसाची दारू नुसत्या बोलण्याने अचानक तोडणं धोक्याचं असतं. समुपदेशकाची हद्द जिथे संपते तिथून डॉक्टरची सुरू होते, आणि वॉर्डातला तो नळी उपटणारा रुग्ण नेमका त्या हद्दीपलीकडचा आहे. आशाताई, समुपदेशक, बचतगटाच्या बाया कितीही तयार केल्या तरी डॉक्टर शिकवण्यावाचून सुटका नाही, असं मी म्हणते ते यासाठी.

आणि डॉक्टरला आज काय शिकवलं जातं? एमबीबीएसच्या परीक्षेत मानसोपचार हा स्वतंत्र विषय नाही, तो मेडिसिनच्या पोटात जातो. वॉर्डातली पाळी काही आठवड्यांची, व्यसनाला त्यातले थोडे दिवस. शिवाय आपल्या तालुक्यांतली आरोग्यसेवा फार मोठ्या प्रमाणात बीएएमएस डॉक्टरांवर चालते. काही प्राथमिक केंद्रांत वैद्यकीय अधिकारी तेच, उपकेंद्रांत सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करून आलेले समुदाय आरोग्य अधिकारीही बरेचसे तेच. खासगी दवाखान्यांत तर गावाचा पहिला डॉक्टर तोच. त्यांना वगळून आखलेलं कुठलंही प्रशिक्षण कागदावर राहील. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आयुर्वेदातल्या मानसरोगाच्या पदव्युत्तर वैद्यांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत धरलेलं आहेच.

त्याच कायद्यातल्या दोन तरतुदी एकत्र वाचाव्यात. मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांचा समावेश आहे. आणि कलम ३१ म्हणतं की सरकारी आरोग्यसंस्थांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीच्या मानसिक आरोग्यसेवेचं प्रशिक्षण देणं हे सरकारचं किमान कर्तव्य आहे. धसईच्या डॉक्टरला दारू तुटल्यावरचा उपचार शिकवणं म्हणजे कायद्याने ठरलेलं देणं आहे. ते मागायला संकोच कसला?

हे शिकवता येतं, याचा पुरावा कोकणात आणि घाटमाथ्यावर आधीच आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार ग्रामीण रुग्णालयात बसून घडवला आणि पुढे तो जगाने स्वीकारला. माळशेज चढून गेलं की जुन्नर तालुका. तिथे नारायणगावला डॉ. सदानंद राऊत सर्पदंशाचे रुग्ण वाचवत आले आणि इतर डॉक्टरांना शिकवत आले. एके काळी मण्यार चावलेला रुग्ण दिसला की गावचा डॉक्टर गाडी बोलवायचा. आज शिकलेला वैद्यकीय अधिकारी पापणी पडते का पाहतो, प्रतिविष सुरू करतो, श्वासावर नजर ठेवतो आणि मग गरज पडली तर पुढे पाठवतो. दारू तुटल्याचा उपचार यापेक्षा अवघड नाही. फरक इतकाच की साप चावलेल्याची सगळ्यांना दया येते आणि पिणाऱ्याची येत नाही. प्रशिक्षणाचा पहिला तास मी या दयेसाठीच ठेवीन.

त्यापुढे काय शिकवायचं ते बऱ्यापैकी ठरलेलं आहे. भरती होणाऱ्या प्रत्येकाला, तो कशासाठीही आला असो, शेवटचा घोट केव्हा घेतला हे विचारायचं. किती पितोस, यापेक्षा हा प्रश्न जीव वाचवतो. थायमिन ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी किंवा निदान बरोबर द्यायचं. उपाशीपोटी पिणाऱ्याला नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, आणि ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावा’ ही आपल्याकडची सर्वांत रुळलेली मागणी आहे. यकृत खराब असेल तर डायझेपामऐवजी लोराझेपाम. डोक्याला मार लागलाय की दारू तुटलीय, की दोन्ही, हे ओळखायचं. विषारी दारू ओळखायची: नजर धूसर झाली, श्वास जोराचा झाला, तर मिथेनॉलचा संशय घ्यायचा आणि प्रतिविष मिळेल तिथे तातडीने न्यायचं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. हातभट्टीच्या पट्ट्यातल्या डॉक्टरला हे माहीत नसून चालणार नाही.

डायसल्फिरामवर तर मी पूर्ण एक दिवस देईन. या गोळीवर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णाच्या संमतीने, त्याला सगळं समजावून, कुणाच्या तरी देखरेखीखाली दिली तर ती उपयोगी आहे. पण थकलेल्या बायका आणि आया ती भाजीत, चहात न सांगता मिसळतात, कारण ‘दारू सोडवण्याची पावडर’ म्हणून जाहिराती त्यांना तेच सांगतात. ज्याला माहीतच नाही तो वर पितो आणि मरणाच्या दारात जातो. या बायकांना रागावून उपयोग नाही. नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही दुसरी औषधं आहेत, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, हे त्यांना सांगणारा डॉक्टर तालुक्यात हवा आणि औषध दवाखान्याच्या खिडकीत हवं.

मग साडेअकरा वर्षं शिकलेल्या तज्ज्ञाची जागा कोणती? शिक्षकाची. निम्हान्सने न्यू मेक्सिकोतल्या डॉ. संजीव अरोरांच्या ‘इको’ पद्धतीवर दूरच्या डॉक्टरांसाठी पडद्यावरचे वर्ग चालवले. गावचा डॉक्टर आपला खरा रुग्ण मांडतो, तज्ज्ञ आणि इतर डॉक्टर त्यावर बोलतात, पुढच्या आठवड्यात रुग्णाचं काय झालं ते पुन्हा विचारलं जातं. एका दिवसाच्या कार्यशाळेत भाषण, जेवण आणि प्रमाणपत्र मिळतं. इथे सवय लागते. टेली-मानसची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, पण ती रुग्णांसाठी. रात्री दोन वाजता शहापूरच्या डॉक्टरला विचारता येईल असा ठाण्याचा तज्ज्ञ ही वेगळी गरज आहे, आणि ती पुरवायला नवी इमारत लागत नाही.

ठाणे जिल्ह्यात माणसं आहेत. १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, कळव्याला वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक आहे, दीड-दोन तासांवर केईएम आणि नायर आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात काम करण्याची अट आता लागू आहे. मुंबईत मानसोपचार आणि मेडिसिनची एमडी करणाऱ्यांचे हे तीन महिने शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आखले, तर वर्षभर तिथे आळीपाळीने कुणीतरी शिकणारा आणि शिकवणारा असेल. आठवड्याचा व्यसनोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग शहापुरात बाजाराच्या दिवशी ठेवावा, मुरबाडला दुसऱ्या दिवशी. दिवाळीनंतर त्याच रुग्णांची यादी भिवंडी आणि कल्याणच्या आरोग्य केंद्रांकडे जावी, क्षयरोग्याची जाते तशी. पौषात मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या यात्रेला लाखो लोक लोटतात. तिथल्या आरोग्य तंबूत त्या दहा प्रश्नांची चाचणी मराठीत ठेवावी आणि ती विचारायला इंटर्न बसवावेत. पहिल्या वर्षी दोन्ही तालुक्यांतल्या सरकारी डॉक्टरांना, बीएएमएस धरून, आणि ज्यांची इच्छा असेल त्या खासगी डॉक्टरांना आठ तासांचा वर्ग आणि त्यानंतर आठवड्याचा पडद्यावरचा वर्ग, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या औषधसाठ्यात थायमिन आणि लोराझेपामची इंजेक्शनं कायम असतील, याची जबाबदारी नावानिशी नेमलेल्या एका अधिकाऱ्यावर टाकावी, आणि साठा संपला की त्याची नोंद जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मासिक बैठकीत वाचली जावी.